पन्नास पावलांची बंदूक

मराठी माणसाच्या हातातली बंदूक केव्हाच गेली, पण जिभेवरची अजून गेलेली नाही. आपण एखादी गोष्ट ठासून सांगतो. पुढाऱ्याची घोषणा हवेत विरली की तिला फुसका बार म्हणतो. मुलीचं लग्न जमलं की ‘यंदा बार उडवून टाकू’ म्हणतो. बार भरणं, बार काढणं, बार फुसका निघणं, ही सगळी बोली एका विशिष्ट बंदुकीच्या घरातली आहे. दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून आत घालून गजानं ठासायची, म्हणून तिचं नाव ठासणीची बंदूक. आमच्या मराठवाड्यात निजामाच्या राज्यापासून तिला भरमार असंही म्हणतात. मागच्या बाजूनं काडतूस सरकवायच्या बंदुका येऊन दीडशे वर्षं उलटली. सैन्यातून, पोलिसातून, हौशी शिकाऱ्यांच्या भिंतीवरून ठासणीची बंदूक नाहीशी झाली. शेतकऱ्याच्या घरात मात्र ती राहिली, आणि तिथं ती का राहिली हे समजून घेण्यासारखं आहे.

माझी आणि तिची ओळख बँकेमुळं झाली. एका राष्ट्रीयीकृत बँकेचा अधिकारी म्हणून १९८०च्या दशकाच्या अखेरीस मी नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड भागात होतो. १९९०ची दहा हजारांपर्यंतची कर्जमाफी अजून यायची होती. सोयाबीननं अजून सगळं रान व्यापलं नव्हतं. खरिपात संकरित ज्वारी, मूग, उडीद, कापूस, तूर आणि रब्बीत हरभरा, करडई असा तो काळ. पीककर्ज द्यायचं म्हणजे रानात जाऊन पीक डोळ्यांनी पाहायचं. बालाघाटाच्या फाट्यांमधली ती माळरानं, मधूनच एखादा ओढा, आणि दूर काळसर ठिपक्यांचा एक कळप. मान वर करून आमच्या मोटारसायकलकडे पाहणारा. कोवळ्या हरभऱ्याचा शेंडा या कळपानं एका रात्रीत किती खाल्ला, हे कर्जाच्या कागदावर लिहायला रकाना नव्हता.

हे काळविटांचे कळप. नर काळा-पांढरा, पिळाच्या शिंगांचा. मादी भुऱ्या रंगाची, बिनशिंगी. प्राणिशास्त्राच्या भाषेत काळवीट हे कुरंग कुळातलं. दरवर्षी शिंगं गाळणारं चितळ, सांबर ते सारंग कुळातलं. शेतकऱ्याला या भेदाशी कर्तव्य नाही. त्याच्या लेखी सगळीच हरणं, आणि सगळ्यांना हरभरा आवडतो.

एका वाडीवर एका वृद्ध खातेदाराच्या घरी खुंटीला ती बंदूक पाहिली. लांबलचक नळी, दस्त्याला तेल पाजलेलं, खाली गज खोचलेला. परवाना वडिलांच्या मागं त्यांच्या नावावर झालेला. मी सहज विचारलं, “मामा, हिनं हरीण पडतं का?” मामा म्हणाले, “पडतंय की सायेब. पन पन्नास पावलाच्या आत. त्याच्या म्होरं ते आपलं न्हाई.”

पुढं शिकारीची आणि शस्त्रांची पुस्तकं वाचली, हिशेब करून पाहिले, तेव्हा लक्षात आलं की त्या एका वाक्यात तीनशे वर्षांचं गोळीशास्त्र मावलेलं होतं.

आधी बंदूक भरायची कशी ते पाहू. नळीत मोजून काळी दारू ओतायची. सोरा, गंधक आणि कोळसा यांची ती जुनीच भुकटी. वर चिंधीची किंवा काथ्याची गुंडी गजानं ठासायची. मग शिशाची गोल गोळी, आणि ती घरंगळू नये म्हणून पुन्हा एक गुंडी. मागच्या बोंडीवर तांब्याची टोपी बसवायची, घोडा चढवायचा आणि नेम धरायचा. टोपी येण्याआधीच्या काळात रंजकाला जळता तोडा लावत किंवा गारगोटीची ठिणगी पाडत. सरावलेल्या सैनिकालाही मिनिटाला दोन-तीन बारांच्या पुढं जाता येत नसे. रानातल्या शेतकऱ्याला एकच बार. तो चुकला की दुसरा भरेपर्यंत हरीण शेजारच्या शिवारात गेलेलं असतं. पावसाळ्यात दारू सर्दावली की टोपी फुटते, नुसता ‘फुस्स’ आवाज येतो आणि गोळी नळीतच राहते. आपला वाक्प्रचार तो हाच.

गोळी शिशाची का? शिसं चुलीवरही वितळतं, साच्यात ओतता येतं आणि आकाराच्या मानानं फार जड असतं. बंदुकीच्या नळीचं मापही या शिशावरूनच पडलं. ‘बारा बोअर’ हा शब्द आपल्याकडे सिनेमामुळं सर्वांना ठाऊक आहे, पण बारा कसले हे फारसं कुणी विचारत नाही. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअरची बंदूक. म्हणजे एका गोळीचं वजन सुमारे ३८ ग्रॅम. सोनाराच्या भाषेत सव्वातीन तोळे. व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर, म्हणजे मोठ्या बोराएवढा. एवढा शिशाचा गोळा नळीतून सेकंदाला साधारण चारशे मीटर वेगानं बाहेर पडला, तर त्याच्यापुढं काय टिकणार, असं वाटतं. पण त्याच्यापुढं हवा उभी असते.

हवेचा हा अडथळा किती मोठा, हे पहिल्यांदा नीट मोजलं बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानं. टांगलेल्या जड लाकडी ठोकळ्यावर त्यानं गोळी झाडली. ठोकळा किती झोका घेतो यावरून गोळीचा वेग काढला. अंतर वाढवलं की झोका कमी होई. त्यावरून वाटेत किती वेग हवेनं खाल्ला ते कळलं. १७४२ साली त्याचं पुस्तक आलं आणि तोफा-बंदुकांचं शास्त्र अंदाजावरून गणितावर आलं. हाच रॉबिन्स पुढं ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य इंजिनियर म्हणून हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला.

रॉबिन्सचं गणित मला माझ्या खात्याच्या भाषेत चटकन समजलं. बँकेत यंत्राचा घसारा धरतात तो दरवर्षी उरलेल्या किमतीवर. सुरुवातीला आकडा मोठा कापला जातो, नंतर लहान. गोळीचंही तसंच. जेवढा वेग जास्त तेवढी हवा जास्त कापते. गोल गोळीचं तोंड बोथट असल्यामुळं ही कपात आणखी जबर. पहिल्या शंभर मीटरांतच वेगाचा जवळजवळ तिसरा हिस्सा जातो. गोळीचा जोर वेगाच्या वर्गानं ठरत असल्यामुळं तो साधारण निम्म्यावर येतो. मुद्दल गेलं, व्याज दूरच राहिलं.

त्यात गोळी वाटेत खालीही पडत असते. पन्नास मीटरांवर ती नेमाच्या रेषेपासून तीन-चार इंच खाली येते. एवढं हाताला समजतं. दीडशे मीटरांवर पोचायला तिला अर्धा सेकंद लागतो, आणि अर्ध्या सेकंदात कुठलीही वस्तू चार फूट पडते. काळविटाची खांद्यापाशी उंची अडीच फूट. म्हणजे त्याला दीडशे मीटरांवर मारायचं तर त्याच्या डोक्यावरून कितीतरी वर, मोकळ्या आकाशात नेम धरायचा. तोही अंतराचा अंदाज बरोबर असेल तर. माळावर, संध्याकाळच्या उजेडात, दीडशे मीटर की एकशे ऐंशी, हे कोण सांगणार? आणि तो भरधाव पळत असेल तर त्याचा वेग ताशी ऐंशी किलोमीटर. गोळी पोचेपर्यंत तो दहा-अकरा मीटर पुढं गेलेला.

तिसरी अडचण नळीची. साध्या ठासणीच्या नळीला आतून आटे नसतात. गोळी नळीत थोडी सैलच बसते, ठोकर खात बाहेर पडते आणि कुठल्या बाजूनं गिरकी घेईल ते तिचं तिलाच ठाऊक. पन्नास पावलांवर ती जेवायच्या ताटाएवढ्या जागेत बसेल. शंभरावर तिचा भरवसा नाही. दीडशेवर नेम धरणं म्हणजे नवस बोलणं.

मग मामांच्या पन्नास पावलांच्या आत हीच गोळी काय करते? तिथं ती खरोखर जबर असते. शिसं मऊ, त्यामुळं आघातासरशी गोळी चपटी होते, रुंद जखम करते. खांद्यामागं, वीतभर जागेत काळीज आणि फुप्फुसं असतात. तिथं ती बसली तर जनावर थोडं धावतं आणि कोसळतं. हाडाला लागली तर हाड मोडते. तीच गोळी वीतभर मागं, पोटात बसली, तर मात्र हरीण पडत नाही. ते चालत राहतं. तास, कधी रात्र, कधी दोन दिवस. छऱ्यांची गोष्ट याहून वाईट. दाणे हलके, त्यांचा वेग गोळीहूनही लवकर संपतो. लांबून मारलेले छरे कातडीखाली रुतून राहतात आणि जनावर कुजून मरतं.

हे दुखणं युरोपातल्या शिकाऱ्यांना आणि सेनापतींनाही होतं. नळीला आटे पाडले तर गोळी भोवऱ्यासारखी फिरत सरळ जाते, हे रॉबिन्सच्याही आधीपासून माहीत होतं. पण आट्यांत घट्ट बसणारी गोळी तोंडातून ठासायला हातोडी लागे. १८४९ साली मिन्ये या फ्रेंच अधिकाऱ्यानं तोड काढली. लांबट, टोकदार, बुडाशी पोकळ गोळी. आत जाताना सैल, दारू पेटली की बूड फुगून आट्यांत घट्ट. याच तत्त्वावरची १८५३ची एन्फील्ड रायफल हिंदुस्थानात आली, आणि पुढचा इतिहास शाळेत आपण सगळेच शिकलो. १८५७ची ती चरबीची काडतुसं ठासणीच्या बंदुकीचीच होती. कागदाची पुडी दातांनी फाडायची, दारू नळीत ओतायची, चोपडलेल्या कागदातली गोळी वरून ठासायची. बंदूक तोंडातून भरायची होती, म्हणून पुडी दाताला लावावी लागत होती. मागून भरायची असती तर बराकपूरची ठिणगी निदान त्या कारणानं तरी पडली नसती.

ही टोकदार गोळी लांब जाते, मग हरणाच्या शिकारीला तीच बरी, असं वाटेल. पण नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात नोकरी केलेल्या जेम्स फोर्सिथ या अधिकाऱ्यानं नेमकं उलट सांगितलं. पचमढीचा ‘बायसन लॉज’ बांधणारा आणि सातपुड्यातल्या जंगलांवर ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हे पुस्तक लिहिणारा तो हाच. १८७१ साली, पस्तिशीही न गाठता तो गेला. त्यानं शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांवर १८६०च्या दशकात एक वेगळंच पुस्तक लिहिलं होतं. त्याचं म्हणणं असं : जंगलात हरीण दिसतं ते जवळच, तेही क्षणभर. अंतर मोजायला वेळ नसतो. लांबट जड गोळी हळू निघते आणि कमान घेऊन जाते. अंतर वीस पावलांनी चुकलं की नेम वर किंवा खाली. त्यापेक्षा नळी मोठी घ्या, आटे अगदी हळू वळणारे ठेवा, दारू भरपूर घाला आणि गोळी गोलच ठेवा. ती शंभर यार्डांच्या आत सरळ रेषेत जाईल आणि जनावर जागीच पडेल. त्याच्यापुढं मारूच नका, हे त्या हिशेबातच आलं. मध्य प्रांतातला गोरा साहेब आणि मुखेडचा शेतकरी वेगवेगळ्या वाटांनी एकाच खुणेपाशी आले होते. गोळी चांगली की वाईट हे तिच्या आकारावर नंतर ठरतं. आधी ठरतं ते आपण किती लांबून चाप ओढतो त्यावर.

आजही जगात या बंदुकीचे हौशी आहेत. अमेरिकेत अनेक राज्यांत हरणांच्या शिकारीचा ठासणीच्या बंदुकीसाठी वेगळा मोसम असतो. तिथल्या नव्या बंदुकांना दुर्बिणी असतात, गोळ्या कारखान्यात तासलेल्या असतात. पण शिसं ते शिसंच. २००९ साली तिथं एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वेगवान रायफलींनी मारलेल्या ३० हरणांचे एक्स-रे काढले. तीसच्या तीस धडांत धातूचे बारीक कण पसरलेले दिसले, आणि त्यातल्या ८० टक्के हरणांच्या खिम्याच्या पुड्यांतही ते पोचले होते. ठासणीची गोळी संथ, ती एवढी चुरत नाही. गोळीची करामत जखमेपाशी संपत नाही, एवढं मात्र यातून कळतं.

आता पुन्हा मुखेडच्या माळावर येऊ. फोर्सिथचं जंगल वेगळं. तिथं झाडी असते, आडोसा असतो, शिकारी जवळ जाऊ शकतो. आमचं रान उघडं. काळविटाचं संरक्षण शिंगांत नाही, अंतरात आहे. दोनशे पावलांवर माणूस दिसला की पहिली मान वर होते, दीडशेवर कळप चालू लागतो, त्याच्या आत उधळतो. पन्नास पावलांची बंदूक आणि दीडशे पावलांवरून पळणारं जनावर, ही जोडी मुळातच विजोड. अशा रानात ठासणीचा नेम धरणं म्हणजे बहुतेक वेळा जनावराला जायबंदी करून सोडणं.

मामांनी ते तरुणपणी पाहिलं होतं. १९७२च्या कायद्याआधीची गोष्ट. करडईत शिरलेल्या कळपावर त्यांनी ऐंशी-नव्वद पावलांवरून गोळी टाकली. मादीला पोटात लागली. पाचोळ्यावरचे रक्ताचे थेंब पाहत ते दिवसभर मागं फिरले. तिसऱ्या प्रहरी ओढ्याच्या काठी ती सापडली, बसलेली, जिवंत, आणि त्यांच्याकडे पाहणारी. बंदूक पुन्हा भरून त्यांनी तिला सोडवली. “त्या रोजपासून हिच्यात गोळी न्हाई घातली सायेब,” ते म्हणाले. “दारू अन् चिंधी. बंदूक हाय ती आवाजाची.”

रात्री माचणावरून एक बार. काळ्या दारूचा आवाज काडतुसापेक्षा भरदार, वर पांढऱ्या धुराचा लोट आणि गंधकाचा वास. कळप दोन शिवारं ओलांडून जाई. पण हरणंही शिकतात. आठ-दहा रात्रींनी त्यांना कळतं की आवाजामागं काही येत नाही. म्हणून मामा जागा बदलत, वेळ बदलत, कधी दोन रात्री बार काढतच नसत. कर्जाच्या वसुलीला आम्हीही हेच करत असू. रोज नोटीस पाठवली तर कुणी उघडून पाहत नाही.

सरकारनंही ही बंदूक ओळखूनच शेतकऱ्याच्या हाती दिली होती. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात पिकाच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. ती पुरेशी नाही अशी परवाना देणाऱ्याची खात्री पटली, तरच दुसरी बिनआट्याची बंदूक. म्हणजे कायद्यालाही हळू भरणारी, जवळ मारणारी, मोठ्यानं वाजणारी बंदूकच हवी होती. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं काळवीट पहिल्या अनुसूचीत घातलं. त्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षं कैद आहे, आणि २०२२च्या दुरुस्तीनं किमान दंड पंचवीस हजार केला. रोही आणि रानडुक्कर यांनी उभं पीक नासवलं तर त्यांना मारायच्या परवानगीची तरतूद कायद्यात आहे. काळविटाच्या बाबतीत पिकाचं नुकसान हे कारणच चालत नाही. शेतकऱ्याला उरतो तो वनविभागाकडे भरपाईचा अर्ज, पंचनामा आणि वाट पाहणं.

त्याचा राग मला कळतो. मी त्याचे सातबारे आणि थकबाकी दोन्ही पाहिली आहे. पेरणी दोनदा करावी लागली की त्या वर्षीचा हप्ता जातो, आणि हप्ता गेला की घरातलं बोलणं बंद होतं. म्हणूनच गावागावांतल्या बैठकींतून “आम्हाला बंदुका द्या” अशी मागणी उठते, तेव्हा तिला हसू नये. पण तिचा हिशेब मांडावा. कोणती बंदूक, किती पावलांवर, कुठल्या रानात? ठासणीची दिली तर माळावर जखमी जनावरं फिरतील आणि हरभरा खाल्लाच जाईल. लांब पल्ल्याची दिली तर चुकलेली गोळी हरणामागच्या वस्तीपर्यंत जाईल. आमच्या भागात शिवार तिथं माणूस आहे. आवाजाची स्वस्त सोय म्हणून पाइपाच्या कार्बाइड बंदुका निघाल्या. २०२५च्या दिवाळीत मध्य प्रदेशात त्याच खेळण्यासारख्या वापरल्या गेल्या आणि मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाल्या. सौर कुंपण, ज्याला गावात झटका मशीन म्हणतात, ते महाग पडतं, पण ते रात्रभर जागं राहतं आणि कुणाला ओढ्याच्या काठी बसवून सोडत नाही. पाच-सहा शेतकऱ्यांनी एकत्र येऊन घेतलं तर लांबी वाटली जाते आणि खर्चही. बँकेत होतो तेव्हा विहिरीला, मोटेच्या जागी आलेल्या पंपाला कर्ज दिलं. आज असतो तर कुंपणाच्या अर्जावर आधी सही केली असती.

तरीही ज्यांना बंदूकच हवी वाटते, त्यांनी एक करून पाहावं. हरभरा घाट्यावर आला की एखाद्या संध्याकाळी आपल्या रानात उभं राहावं. कळप जिथं चरतोय तिकडं पावलं मोजत चालावं, एक, दोन, तीन. पन्नास पावलांच्या आत एकही हरीण उभं राहिलं, तर मामांचा हिशेब चुकला म्हणायचा.